मॅकॉलेचं ते भाषण आणि आमचे आप्त

गेल्या आठवड्यात भाची कराडहून साताऱ्याला आली ती पीएच.डी.चा सिनॉप्सिस घेऊन. विषय तत्त्वज्ञान. दुसऱ्याच पानावर मॅकॉले, म्हणजे भारतात इंग्रजी शिक्षणाची बाजू लावून धरणारा साहेब, ब्रिटिश पार्लमेंट, 2 फेब्रुवारी 1835: 'मी भारत उभा-आडवा फिरलो, एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही. यांचा कणा मोडायचा तर यांची शिक्षणपद्धती बदला.' कुठून घेतलंस? "मामा, पप्पांनीच ग्रुपवर टाकलंय की!"

दाजींच्या त्या फॉरवर्डात आणखी दोन गोष्टी आहेत. इंग्रजांआधी घरोघरी विद्या होती म्हणे. आणि पुरावा मागणारी 'रिसर्च मेथडॉलॉजी' ही गोऱ्यांची, ती झुगारली की वसाहतवाद संपला.

त्या दिवशी मॅकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो कलकत्त्यात होता, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलवर. जून 1834 ला मद्रासला उतरला, उटीला जाऊन आला, मग कलकत्ता गाठलं. झाला उभा-आडवा भारत! 2 फेब्रुवारी 1835 चं त्याचं खरं लिखाण म्हणजे शिक्षणावरचं टिपण. छापलेलं आहे, कुणीही वाचावं. मला संस्कृत येत नाही, अरबी येत नाही, असं त्यात तो स्वतः लिहितो. आणि तरी चांगल्या युरोपीय ग्रंथालयातला एक कप्पा भारत-अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचा ठरवून मोकळा होतो. इतकं संतापजनक खरं वाक्य हाताशी असताना खोटं कशाला? माझं डोकं फिरलं ते याने, की आपण मोठे होतो हे सांगायलाही साक्षीदार साहेबच लागतो. गुलामी ती हीच की, दाजी!

घरोघरी विद्या? मग शाळेत शिकवायला जाताना नायगावच्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण कुणी फेकलं? पुढे.

पुरावा म्हणे गोऱ्यांचा. न्यायदर्शन म्हणजे आपलं तर्कशास्त्र, त्याचा मूळ ग्रंथ न्यायसूत्रं. त्यांत चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायच्या वाटा, आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. वर हेत्वाभास, म्हणजे दिसायला कारण पण आतून पोकळ. शब्द प्रमाण कधी? आप्ताने सांगितला तर. आपल्याकडे आप्त म्हणजे नातेवाईक. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचा, आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. दाजी पहिल्या अर्थाने आप्त आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतल्या एखाद्या जुन्या शास्त्र्यापुढे हे फॉरवर्ड धरलं असतं तर त्याने इंग्रजीचा एक शब्द न काढता सोलून ठेवलं असतं.

एक मात्र कबूल, नाइलाजाने. नुसतं 'तत्त्वज्ञान' म्हटलं की ग्रीक थेलीसपासून सुरुवात, आणि न्यायसूत्रांचा कर्ता गौतम, बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन यांना 'भारतीय' अशी पाटी लावून वेगळा पेपर. कांटला 'जर्मन' पाटी लावून बाजूला बसवत नाही कुणी. अनुमानाची कसोटी न्यायदर्शनाच्या भाषेत मांडली तर ती संशोधनाची पद्धत का नाही, नुसता अभ्यासाचा 'विषय'च का? हा प्रश्न खरा आहे. भाचीच्या सिनॉप्सिसमध्येही तो होता, सहाव्या पानावर, दोन ओळींत.

तो पहिल्या पानावर घ्यायला लावला. मॅकॉले काढला. दाजींना अजून सांगितलेलं नाही.