१६ कोटींवर अडकलेलं बोलणं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा परत तोच विषय निघाला, एका बाळाच्या इंजेक्शनवर १६ कोटी घालवायचे का, तेवढ्यात किती शाळा झाल्या असत्या वगैरे. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी पैसे जमवले, केंद्राने कस्टम ड्युटी आणि जीएसटी माफ केला, तेव्हापासून हा वाद अधूनमधून येतोच. मी उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे लिहितेय. त्या बाळाला होता तोच आजार माझ्या मुलीला आहे, एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, स्नायू दुबळे होत जाण्याचा जनुकीय आजार, त्यातला टाइप २ हा प्रकार.

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. २०२० मध्ये ती चौदा महिन्यांची होती, छान बसायची, बडबड तर अखंड चालू, पण पायांवर भारच घेत नव्हती. आई फोनवर म्हणायची अगं तुझा मामा पण उशिराच चालला, इथली नर्स पण म्हणाली काही मुलं वेळ घेतात. मला मात्र तिची बोटं दिसायची. पोळीचा तुकडा उचलला की बारीक थरथरायची. शेवटी डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून बघितली, पाय हललाच नाही, दुसऱ्यावर मारली, तोही नाही, आणि त्यांनी हातोडी हळूच टेबलावर ठेवली. मला तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

औषधाच्या बाबतीत आम्ही नशीबवान, हे मला मान्यच आहे. आधी दर चार महिन्यांनी मणक्यातून इंजेक्शन, नंतर रोज घ्यायचं रिसडिप्लाम सिरप, स्ट्रॉबेरीच्या चवीचं, फ्रिजमध्ये असतं, आणि आजवर एका पैशाचं बिल आलं नाही. पण इकडे पैसे मोजत नाहीत असं कुणी समजू नका. मोजतात आणि घासाघीसही करतात. त्या १६ कोटीवाल्या इंजेक्शनची, म्हणजे झोल्गेन्स्माची, इथली छापील किंमत १७ लाख ९० हजार पाउंड, मार्च २०२१ मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, कंपनीशी बोलून ती उतरवून घेतली. मग कुठल्या बाळाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. त्यासाठी कुठल्या आईला बाळ कडेवर घेऊन कॅमेऱ्यासमोर रडावं लागत नाही. आपल्याकडे ते लागतं, आणि वर लोक तिलाच विचारतात की एवढे पैसे तुझ्याच मुलावर का. हे मला सहन होत नाही.

शिवाय हिशोबच जुना झालाय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रिसडिप्लामची मूळ कंपनी रोश सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊनही नॅटको या भारतीय कंपनीला तेच औषध विकण्यापासून थांबवू शकली नाही आणि रिसडिप्लामची भारतीय बाटली १५,९०० रुपयांना आली, रोशची सहा लाखांच्या आसपास होती. मूल २० किलोच्या पुढे गेलं की एक बाटली १२ दिवस पुरते, म्हणजे वर्षाला तीस बाटल्या, जवळजवळ दोन कोटींचा खर्च पावणेपाच लाखांवर आला. दुर्मीळ आजारांच्या धोरणात केंद्राची मदत ५० लाखांपर्यंत आहे, ती आधी चार महिनेही पुरली नसती, आता याच औषधाला दहा वर्षं पुरेल. ग्रुपवर हे कुणालाच माहीत नव्हतं, सगळे अजून १६ कोटींवरच.

आणि खरं बोलायला हवं ते वेळेबद्दल. एसएमएत स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, मेलेल्या परत येत नाहीत, कुठलंही औषध फक्त उरलेल्या वाचवतं. अमेरिकेत २०१८ लाच नवजात बाळांच्या तपासणीच्या शिफारस यादीत हा आजार गेला. माझी मुलगी जन्मली तेव्हा इंग्लंडमध्येही टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात एसएमए बघत नव्हते. ते चौदा महिने माझ्या मुलीचे गेले ते गेलेच. त्यामुळे परदेशात सगळं वेळेवर होतं हे मला कुणी सांगू नये.

निदानानंतरच्या आठवड्यात इथल्या पालकांपैकी एक बाई घरी आल्या, त्यांचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, व्हीलचेअरवर. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. जमिनीवर बसून मला कफ काढायचं मशीन कसं लावायचं ते दाखवलं, मास्क आधी स्वतःच्या तोंडाला लावून. त्या तासाभरासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे, आणि तेच आता मी मराठीतून करते, दर रविवारी इथल्या सकाळी, लातूर, जळगाव, सांगली, अशा मुलांच्या आईबाबांचे फोन असतात. सासूबाई म्हणतात आधी आपलं बघ. पण आपलं बघूनच करते, आणि हे सोडणार नाही.

फोन आला की मी पहिल्यांदा म्हणते, दादांना पण बोलवा, स्पीकरवर टाका. कारण तोवर घरात ठरलेलं असतं की हे सुनेकडून आलं. मग सांगते की हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, साधारण पन्नासात एक माणूस असा वाहक असतो आणि त्याला स्वतःला काहीही होत नाही, नात्यात लग्न असेल तर शक्यता वाढते पण आमचं कुठे नात्यात होतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, आणि पुढच्या वेळी पोटात असतानाच तपासणी करता येते. एवढं बोलून झालं की बऱ्याचदा पलीकडे शांतता असते, मग त्या ताई एकदम मोकळ्या आवाजात पुढचं विचारतात. परळच्या केईएममध्ये दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, जाताना कुठले रिपोर्ट न्यायचे, बाळाला भरवताना कसं बसवायचं, पाठ वाकू नये म्हणून काय करायचं.

गेल्या महिन्यात एका वडिलांनी विचारलं, मुलाला उभं करायची फ्रेम फार महाग सांगतायत, गावात सुतार आहे, जमेल का? मी लेकीची फ्रेम हॉलमध्ये आडवी केली आणि टेप घेऊन बसले, ती वरून आकडे वाचत होती. मी त्यांना सांगितलं की मापं तुमच्या मुलाचीच घ्या, टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, छातीचा पट्टा काखेखाली, आणि तिथल्या फिजिओला दाखवल्याशिवाय उभं करू नका. काल फोटो आला, प्लायवूडची फ्रेम, गुडघ्यांना जुन्या गादीचा कापूस. मुलगा उभा आहे आणि समोरच्या पाटावर त्याचा पोह्यांचा डबा. डाव्या गुडघ्याचा पट्टा एक बोटभर खाली हवा, ते रविवारी सांगायचंय.