एका तासाला एकच पक्षी पुरे

५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह जवळ आला की वाचनालयांच्या फळ्यांवर ‘पक्ष्यांच्या गोष्टी, वय ३ ते ६’ अशी सूचना लागायला लागते. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून हा आठवडा असतो आणि त्यात एवढ्या लहान मुलांना आठवणीनं बोलावलं जातं, याचा मनापासून आनंद आहे. पण भिंतीवर तीस पक्ष्यांचा तक्ता लावून एकेक नाव मुलांकडून वदवून घेतलं तर तो गोष्टींचा तास राहत नाही, पाठांतराचा होतो. चार वर्षांच्या मुलाला तीस नावं दिली की घरी जाईपर्यंत एकही शिल्लक राहत नाही. एकच पक्षी घ्या. त्याचा आवाज ऐकवा, त्याची एक गोष्ट नीट सांगा. मग तो पक्षी बाहेर ओरडला की मूल हातातला खेळ सोडून वर बघतं. माझ्या मते हा तास याच्यासाठीच असतो.

तो पक्षी आपल्याकडचा हवा आणि त्या महिन्यात दिसणारा हवा. पेंग्विन, शहामृग पुस्तकांत भेटतातच, त्यांच्यासाठी तास खर्च करायला नको. सांगलीत नोव्हेंबरात धोबी घ्यावा. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आलेला हा पाहुणा कृष्णेच्या घाटावर, मैदानावर, गच्चीवरसुद्धा शेपटी वरखाली हलवत चालताना दिसतो आणि मुलांना त्याची नक्कल लगेच जमते. मार्चमध्ये तांबट किंवा कोकीळ. पावसाच्या तोंडावर पावशा, कारण ‘पेरते व्हा’ ही त्याची हाक आपल्या आजी-आजोबांना पाठच असते. जुलै-ऑगस्टमध्ये सुगरण. खोपा विणतो तो नर, हे मुलांना जरूर सांगा. घरोघरी उलटंच समजतात. उन्हाळ्यात मात्र टिटवी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं मोकळीही असतात, म्हणून टिटवीचाच तास तपशिलात मांडतो.

टिटवी निवडायला कारणं भरपूर. ती नदीकाठी, उसाच्या बांधावर, कुपवाडकडच्या मोकळ्या प्लॉटांवर, सगळीकडे आहे. तिचा आवाज मुलांनी आधीच ऐकलेला असतो, फक्त तो कुणाचा हे ठाऊक नसतं. शिवाय रात्री टिटवी ओरडली की अशुभ, ही समजूत मुलांच्या कानावर घरातूनच पडलेली असते. तिथं घरच्यांना खोटं पाडायची गरज नाही. कुत्रं, मांजर किंवा माणूस जवळ आलं की ती रात्रीसुद्धा ओरडून बाकीच्यांना सावध करते, एवढं सांगितलं तरी भीती कमी होते.

गोष्ट पंचतंत्रातली: टिटवी आणि समुद्र. मूळ कथेत टिटवी नवऱ्याला समजावताना हंस-कासवाची आणि तीन माशांची अशा आणखी गोष्टी सांगते. लहान मुलांसाठी त्या काढून टाका, नाहीतर मूळ धागा सुटतो. राहतं ते इतकंच: टिटवी म्हणते इथं अंडी नको घालूया, नवरा म्हणतो समुद्र आपलं काय करणार, समुद्र अंडी नेतो, सगळे पक्षी जमतात, गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे आणि समुद्र मुकाट्यानं अंडी परत देतो. मदतीला येणारे पक्षी तीनच ठेवा: चिमणी, कावळा, पोपट. चौथा आला की गोष्ट लांबते. प्रत्येक पक्षी आल्यावर मुलांनी एकच ओळ म्हणायची: ‘समुद्रा, समुद्रा, अंडी दे!’ पहिल्यांदा दोन-तीनच आवाज येतात, तिसऱ्या वेळी सगळी खोली म्हणते. ही ओळ मध्येच बदलू नका. मोठ्यांना तेच तेच वाटतं, मुलं मात्र त्याच ओळीची वाट बघत असतात.

समुद्रासाठी जुनी निळी पाचवारी साडी आणा. दोन्ही टोकांना एकेक मोठं माणूस बसवा, कडेनं मुलांना धरू द्या. सगळ्यांनी बसूनच हलवायची. उभं राहून हलवली की मुलं साडीखाली शिरतात आणि गोष्ट तिथंच संपते. साडीची लाट मध्ये ठेवलेल्या अंड्यांवरून सरकली की तिच्याआड अंडी हळूच उचलून घ्यायची. इथं तीन वर्षांची काही मुलं खरोखर घाबरतात. अशा मुलाला आईच्या मांडीवर बसून साडीचा काठ धरू द्या, म्हणजे लाट त्याच्या हातात राहते.

गोष्ट संपली की परात मध्ये घ्यायची, आणि तासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. घरातल्या मोठ्या परातीत दोन बोटं माती, वर बांधकामावरची बारीक खडी. तीत शाडूची चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला करून. खरी टिटवीसुद्धा साधारण चार अंडी उघड्यावर, खड्यांतच घालते आणि अशीच मांडते. खरं अंडं चारेक सेंटिमीटर लांब असतं, तेवढंच करा. त्याहून लहान नको, मुलं तोंडात घालतात. पंधरा मुलांना प्रत्येकी एक आणि परातीतली चार धरून एक किलो शाडू पुरतो. परातीतली अंडी दोन दिवस आधी करून सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली तर तडकतात. मग गेरूचा पुसट हात आणि त्यावर काळे-तपकिरी ठिपके. ब्रश जवळजवळ कोरडा हवा, ओला ब्रश लागला की वाळलेला शाडू विरघळून गाळ होतो. अंडी पांढरट राहिली तर मुलांना ती दोन सेकंदांत सापडतात आणि खेळात काही उरत नाही. रंग नीट बसला तर मूल परातीवर वाकून बघत राहतं, बोट अंड्यावरून फिरतं तरी त्याला अंडं दिसत नाही आणि मग अचानक दिसतं. टिटवीची अंडी कावळ्याला का सापडत नाहीत, हे वेगळं समजवायला लागत नाही. हात लावायच्या आधी ‘नुसतं बघायचं’ असं सांगा आणि चार-चार मुलांनाच जवळ बोलवा.

इथंच एक खरी गोष्ट सांगायची. उन्हाळ्यात टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवते आणि तसंच ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी तापत नाहीत. सांगलीच्या मे महिन्यात हे मुलांना लगेच पटतं. कापसाचा ओला बोळा प्रत्येकाच्या तळहातावर टेकवा. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असंही पालकांपैकी कुणीतरी म्हणेल. ही लोकसमजूत आहे, मुलांना तशीच सांगा. हवामानाचा नियम म्हणून नको.

आवाजासाठी फोन पुरे. झेनो-कँटो या संकेतस्थळावर टिटवीच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं मिळतात. पाच-सात सेकंदांचा तुकडा आदल्या दिवशी उतरवून ठेवा, ऐनवेळी नेट दगा देतं. आवाज आधी ऐकवायचा, चित्र नंतर. खिडक्या बंद ठेवून हळू लावा. बाहेर मैदानात, विशेषतः अंडी घालण्याच्या दिवसांत, हा आवाज वाजवू नका. खऱ्या टिटव्या अंडी सोडून उठतात.

खोलीबद्दल थोडं. सकाळी वृत्तपत्र विभाग भरलेला असतो आणि तिथल्या ज्येष्ठ वाचकांना शांतता हवी असते, तो त्यांचा हक्कच आहे. त्यासाठी मुलांना गप्प करायची वेळ आली तर तास मेला. म्हणून वेगळं सभागृह घ्या, नाहीतर साप्ताहिक सुट्टीचा दिवस. सतरंजी अर्धगोलात, मुलं दोन रांगांत, पालक मागे. सांगणाऱ्यानं खिडकीकडे पाठ करून बसू नये, मागून उजेड आला की मुलांना चेहराही दिसत नाही आणि चित्रही. गुळगुळीत पानावर ट्यूबलाइट चमकते, तेव्हा पुस्तक किंचित खाली झुकवून धरा. कापडी फलकावर चित्रं चिकटवणार असाल तर फलक थोडा मागे कलता ठेवा, चित्रांच्या पाठीला खरखरीत पॉलिश पेपर लावा आणि वरचा पंखा आधी बंद करून बघा. ऐन रंगात येतो आणि सगळे पक्षी पंख्यानं उडून जातात, हे फार वेळा होतं.

मुलं पंधराच. वीस नावं नोंदवली तर एवढी येतात. दहाची वेळ दिली की निम्मी मुलं सव्वादहाला येतात, त्यामुळे सुरुवातीलाच गोष्ट नको. तळहातावर बोट टेकवून मोराला चारा घालायचा खेळ घ्या, तो कुणालाही मधूनच येऊन खेळता येतो. मग आवाज, दहा मिनिटं गोष्ट, परात, हातकाम आणि शेवटची दहा मिनिटं पुस्तकांसाठी. सगळं मिळून पन्नास मिनिटं.

हातकामात डिंक नको. पंधरा मुलांचा डिंक वाळेपर्यंत वीस मिनिटं जातात आणि कागद वळतो. मुखवटेही नकोत, तीन वर्षांची मुलं मुखवटा घातलेल्या माणसाला बघून रडतात. प्रत्येकाला एक कागदी द्रोण, मूठभर माती आणि लिंबाएवढा ओला शाडू. अंडं करायचं, द्रोणात लपवायचं, झालं. चोचींच्या खेळासाठी चणे, मणी, राजमा आणण्याची टूम आहे. या वयाला ते घशात अडकतात, बिलकुल आणू नका.

खरी पिसं, खरं घरटं, खरी अंडी तर मुळीच नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार रानपक्ष्यांची घरटी, अंडी यांना धक्का लावणं हा गुन्हा आहे आणि ‘घरटं सापडलं तर घेऊन ये’ हे एक वाक्य मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं. आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात पाळणंही याच कायद्यात गुन्हा आहे. ‘आमच्याकडे पोपट आहे’ असं एखादं मूल अभिमानानं सांगेल, तेव्हा सगळ्यांसमोर त्याला ओशाळवाणं करू नका. तास संपल्यावर पालकांशी बाजूला बोला.

पालकांना दोनच विनंत्या सुरुवातीला करा: मुलाला मागून उत्तरं सांगू नका आणि चित्रीकरणासाठी पुढे उभे राहू नका. आणि शेवटी तात्पर्य विचारू नका. ‘या गोष्टीतून काय शिकलो?’ म्हटलं की मूल आईकडे बघायला लागतं.

आता पुस्तकं. खरं सांगायचं तर बालविभागाची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली बघितली की वाईट वाटतं. त्या दिवशी तरी वीस-पंचवीस पुस्तकं मुलांच्या कमरेएवढ्या टेबलावर, मुखपृष्ठ वर करून मांडा. कणा दिसणारी मांडणी न वाचणाऱ्या मुलाच्या काही उपयोगाची नाही. पक्ष्यांवरची मराठी चित्रपुस्तकं कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी आहेत, त्या मोठ्या आकारात छापून घेता येतात. सभासदत्वाचे अर्ज, पेन आणि अनामतीचे सुट्टे पैसे त्याच टेबलावर ठेवा. ‘उद्या कार्यालयात या’ म्हटलेले पालक बहुतेक परत येत नाहीत. पुस्तक फाटलं तर दंड घेणार नाही, हे अर्ज देतानाच सांगून टाका, कारण त्या भीतीपोटीच बरेच आई-बाप मुलाच्या हातातलं पुस्तक परत टेबलावर ठेवतात.