गंगीचे पांढरे मोजे

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रविवारपासून तोंड उघडलेलं नाही.

पहाटे चारला सांगली सोडली होती, चांदोलीत गवा बघायला. पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा. जंगलातल्या जीपमध्ये मला स्टेपनीशेजारची जागा मिळाली. तिथून पुढच्यांना शेकरू दिसतं आणि आपल्याला हलणारी फांदी. तीन तासांत पदरात पडलं ते एवढंच: ऐकीव शेकरू, भेकराचं भुंकणं, अस्वलाची जुनी विष्ठा आणि मेव्हण्याचं भडंग. जंगलात भडंग नेणाऱ्याला खरं तर नाक्यावरच उतरवायला हवं. तो एक घास चावला की समोरचं पाखरू उडायचं.

वाघाची आशा मी धरलीच नव्हती. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला खरा, पण मला वाघ भेटला तो फलकावर. गव्याचं मात्र मनाला लागलं. हजार किलोपर्यंत भरणारं जनावर लपतं तरी कुठं? २०२१ च्या डिसेंबरात असाच एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात येऊन उभा राहिला होता. तो मी घरी बसून टीव्हीवर बघितला. घरापासून दहा मिनिटांवर, फुकट!

तरी मी खुशीत होतो, कारण फोटो होता. पहाटे आरळ्याच्या पुढं, नदीकाठच्या धुक्यात, काळंकभिन्न धूड, आणि गुडघ्याखाली पांढरेशुभ्र मोजे. गव्याची ओळखच ती. रेंज होती तेवढ्यात ग्रुपवर टाकून मोकळा झालो: ‘जंगलाचा राजा, समोरासमोर!’

परतताना चहाला थांबलो. बाकड्यावर फेटेवाले एक आजोबा.

"काय गावलं का, पावनं?"

मी मोबाईल पुढं केला. आजोबांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ घेतला, बोटानं मोठा केला.

"ही म्हस हाय."

"अहो, पायात पांढरे मोजे बघा की."

"चिखूल वाळलाय त्यो. बांधाखालच्या डबक्यात बसती." मग आत वळून, "आरं, हिकडं ये. आपल्या गंगीचा फोटू काढलाय सायबांनी!"

चहावाला हात पुसत आला. त्याच्यामागून दोन पोरं, एक दुधाची किटली आणि किटलीवाला. सगळ्यांनी गंगी बघितली. "झ्याक आलीया," किटलीवाला म्हणाला. "शिंग मोडलेलं बी दिसतंय." मेव्हणा इतका हसला की त्याला भडंगाचा ठसका लागला. त्याच्या पाठीत मी धपका घातला, जरा जास्तच जोरात.

"गवा बघायचाय तर रातच्याला थांबा," आजोबा म्हणाले. "माझ्या उसात येत्यात. खात्यात थोडं, तुडवत्यात लई. आमी डबं वाजवत बसतो. तुमी पैसं देऊन बघाय येताय, आमी हाकलून दमलो."

यावर हसावं की नाही ते कळेना. आजोबा हसत नव्हते. मग त्यांनी मला रस्त्यापलीकडं नेलं. दोन गुंठ्यांतला ऊस चटईसारखा आडवा, आणि मऊ मातीत खुरांचे ठसे, माझा पंजा मावेल एवढे.

"ह्याचा फोटू काढा. पंचनाम्याला लागतोय. माझ्या डब्यात फोटू निघत न्हाई."

काढले. नऊ काढले, त्यांच्या नातवाला पाठवले. दिवसभरातले माझे खरे वन्यजीव फोटो तेच, आणि त्यांत वन्यजीव नाही.

गाडीत बसून ग्रुप उघडला. सत्तावीस अंगठे. आत्या म्हणते, ‘अंगावर काटा आला रे!’ पुसून टाकावा तर ‘मेसेज हटवला’ असं दिसणार, आणि मेव्हणा ग्रुपमध्येच आहे. खाली कवठेमहांकाळच्या मामेभावानं, ज्याचा दुधाचा धंदा आहे, एवढंच लिहिलंय:

‘वेत कितवं?’