बलभद्र कुंवर नालापानीला पडले नव्हते

‘३१ ऑक्टोबर १८१४ ला देहरादूनजवळ नालापानीच्या किल्ल्यात नेपाळचे सेनानी बलभद्र कुंवर आणि त्यांचे सहाशे गोरखे शेवटच्या माणसापर्यंत लढून मेले,’ असा मेसेज फिरतोय. मीही तो परवा पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

त्या दिवशी पडले ते इंग्रज सेनापती जिलेस्पी. इंग्रज-नेपाळ युद्धाची ती पहिली लढाई. २७ नोव्हेंबरचा दुसरा हल्लाही गोरख्यांनी परतवला. मग इंग्रजांनी किल्ल्याबाहेरचं पाणी तोडलं. आत बायका-मुलंही होती, वरून तोफांचा मारा. अखेर ३० नोव्हेंबरला बलभद्र सुमारे सत्तर जणांसह वेढा फोडून निसटले. पुढे ते रणजितसिंहांच्या फौजेत गेले आणि १८२३ मध्ये नौशेऱ्याला अफगाणांशी लढताना मारले गेले.

पुरावा देहरादूनलाच आहे. सहस्रधारा रस्त्यावर दोन पांढरे स्तंभ शेजारी शेजारी उभे आहेत. एक जिलेस्पींचा. दुसरा इंग्रजांनीच बलभद्रांसाठी उभारलेला, आणि त्यावर ‘आमचा शूर प्रतिस्पर्धी’ म्हणून त्यांचा गौरव करतानाच ते आणि त्यांचे साथी नंतर रणजितसिंहांच्या चाकरीत अफगाण तोफांपुढे पडले, असं कोरलंय. शत्रूने एवढा मान द्यावा, हे मला फार मोठं वाटतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.