साइट लाइव्ह झाली म्हणून मेल बंद पडले नव्हते: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमची नवी वेबसाइट आम्ही बनवली, तिच्याबद्दल वेळ काढून रिव्ह्यू लिहिलात, आभारी आहोत. ऐन कामाच्या दिवसांत ऑर्डरचे मेल अडकले आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

तुमच्या मुख्य तक्रारी चार आहेत. काम लांबलं, मोबाइलवर साइट हळू उघडते, गूगलवरची जुनी पानं दिसेनाशी झाली, आणि चौथी तुमच्याच शब्दांत: "यांनी साइट लाइव्ह केली आणि आमचे मेल दीड दिवस बंद पाडले. साध्या गोष्टी कळत नाहीत." पहिल्या तिन्हींवर खाली बोलतोच. पण हे शेवटचं वाक्य फार लागलं. नवीन चौकशीला येणारी माणसं आता हाच रिव्ह्यू पुढे करून विचारतात, "आमचेही मेल बंद पडतील का?" पोट याच कामावर आहे, म्हणून उत्तर जरा मोठं झालं तर समजून घ्या.

साइट एका ठिकाणी आणि मेल दुसऱ्या ठिकाणी असू शकतात. तुमचे तसेच आहेत. डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या वहीत, प्रत्येक गोष्टीची वेगळी नोंद असते. साइट कुठल्या सर्व्हरवर आहे हे ए रेकॉर्ड सांगतं, मेल कुठे पोचवायचा हे एमएक्स रेकॉर्ड सांगतं, आणि तुमच्या नावाने आलेला मेल खरोखर तुमचाच आहे का हे पडताळायला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी लागतात. साइट नव्या सर्व्हरवर न्यायला यातलं फक्त ए रेकॉर्ड आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद बदलायची होती. तुम्हाला पाठवलेल्या लेखी प्लॅनमध्ये तेवढंच आहे: एक दिवस आधी ए रेकॉर्डचा टीटीएल (इतरांचे सर्व्हर ती नोंद किती वेळ साठवून ठेवतात ती मुदत) ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणायचा, जुन्या टीटीएलचे २४ तास जाऊ द्यायचे, मग रेकॉर्ड बदलायचं. काही बिघडलंच तर पाच-दहा मिनिटांत जुन्या साइटवर परत. एमएक्सला हातही लावायचा नव्हता. आणि त्याच प्लॅनमध्ये ठळक अक्षरांत एक ओळ आहे, 'नेमसर्व्हर बदलू नयेत.'

नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या या सगळ्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर. साइट लाइव्ह करण्याच्या आदल्या संध्याकाळी ते बदलले गेले, तेही तुमच्या रजिस्ट्रारच्या (डोमेन जिथे नोंदवलंय त्या कंपनीच्या) लॉगिनमधून. ते लॉगिन आमच्याकडे कधीच नव्हतं. होस्टिंग कंपनीच्या (साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीच्या) स्वागताच्या मेलमध्ये 'तुमचे नेमसर्व्हर असे करा' असं लिहिलेलं असतं, हे खरं आहे. पण तो मेल आपोआप सगळ्यांनाच जातो आणि ज्याचं डोमेन कोरं आहे त्याच्यासाठी ठीक असतो. चालू धंद्याच्या डोमेनवर तसं करणं म्हणजे नळाचा वॉशर बदलायला अख्खी पाइपलाइन उपटणं. एक नोंद बदलत नाही, सगळ्या नोंदींचा संच, म्हणजे झोनच दुसरीकडे जातो आणि नव्या झोनमध्ये तुमचं काहीच नसतं. असतात त्या फक्त होस्टिंगने स्वतः भरलेल्या नोंदी, आणि त्यातलं एमएक्स होस्टिंगच्याच सर्व्हरकडे बोट दाखवतं.

आता पुढे काय झालं ते पाहा. तुम्हाला आलेले मेल त्या सर्व्हरवर गेले. तिथे तुमची एकही मेलबॉक्स नाही, म्हणून त्याने '५५०, असा युजर नाही' म्हणून ते परत पाठवले. सर्व्हर नुसता बंद असता तर परवडलं असतं. तेव्हा पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. ५५० हा मात्र कायमचा नकार. तो मेल नंतर आपोआप येत नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावा लागतो. "काही मेल उशिरा आले, काही आलेच नाहीत" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारणही यातच आहे. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची माहिती इतरांच्या डीएनएस सर्व्हरमध्ये १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस साठून राहू शकते. ज्यांच्याकडे जुने नेमसर्व्हर साठलेले होते ते जुन्या जागी विचारत राहिले. तिथला झोन नेमसर्व्हर हलवताच पुसला गेला होता, काही रजिस्ट्रार तसं करतात. उत्तरच नाही म्हटल्यावर ते मेल रांगेत थांबले आणि उशिरा पोचले. ज्यांना नवे नेमसर्व्हर कळले त्यांचे मेल ५५० खाऊन परतले.

सकाळी हे लक्षात आल्याबरोबर नव्या झोनमध्ये तुमच्या मेल सेवेचं एमएक्स आणि एसपीएफ भरलं. आधीच्या चुकीच्या नोंदीचा टीटीएल १४४०० सेकंद होता, त्यामुळे येणारे मेल सुरळीत व्हायला आणखी चार तास गेले. उरला डीकेआयएमचा प्रश्न. ए, एमएक्स, एसपीएफ या नोंदी बाहेरून विचारून टिपून ठेवता येतात, तशा आमच्याकडे होत्या. डीकेआयएमच्या नोंदींची यादी बाहेरून मिळत नाही. त्यासाठी सिलेक्टरचं (त्या नोंदीच्या ओळखीच्या खुणेचं) नाव माहीत असावं लागतं, आणि झोन पुसल्यावर नाव माहीत असूनही उपयोग नाही. म्हणूनच प्लॅनमध्ये आम्ही झोनचा एक्स्पोर्ट (सगळ्या नोंदींची फाइल) मागितला होता. तो आला नाही. शेवटी मेल सेवेच्या अ‍ॅडमिन पॅनलमधूनच ती नोंद पुन्हा काढावी लागणार होती, आणि ते लॉगिन तुमच्याकडून दुसऱ्या दिवशी मिळालं. तोवर तुमचे जाणारे मेल काही ठिकाणी स्पॅममध्ये पडत होते. तुमचा 'दीड दिवस' तो हा.

साइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचंही मूळ यातच. 'लोक फॉर्म भरतात, आम्हाला काही येत नाही' हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. होस्टिंगच्या सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनचे मेल आपल्याकडेच आहेत. त्यामुळे फॉर्मचा मेल बाहेर न पाठवता तो स्वतःच्या आतच मेलबॉक्स शोधायचा. सीपॅनलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पॅनलमध्ये) ईमेल राउटिंग 'लोकल'वरून 'रिमोट'वर केलं आणि चौकश्या येऊ लागल्या. त्यातच तुमचा आग्रह होता की 'फ्रॉम'मध्ये (पाठवणाऱ्याच्या रकान्यात) चौकशी करणाऱ्याचा पत्ता दिसावा. तो आम्ही मानला नाही, याचा तुम्हाला राग आहे. पण तुमच्या सर्व्हरने दुसऱ्याच्या जीमेल पत्त्यावरून मेल पाठवला तर पडताळणीत तो नापास होतो आणि स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केलेत. 'फ्रॉम' तुमच्या डोमेनचा आणि 'रिप्लाय-टू' ग्राहकाचा, अशीच रचना ठेवावी लागते. रिप्लाय दाबलं की उत्तर ग्राहकालाच जातं, तुमचं काही अडत नाही.

आता बाकीचं. काम लांबलं हे खरं. पण सहा आठवड्यांची मुदत मजकूर हाती आल्यापासून धरलेली होती, तसं कोटेशनमध्ये लिहिलंय. सेवांच्या पानांचा मजकूर सगळ्यात शेवटी आला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्यामुळे दाबले गेलेले होते, आणि व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोतून कापलेला लोगो मोठ्या स्क्रीनवर फाटतो, त्याला एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या चित्राची फाइल) किंवा मूळ फाइलच लागते. खोटा मजकूर भरून साइट वेळेत 'पूर्ण' दाखवणारेही आहेत. आम्ही ते करत नाही.

वेगाबद्दल: पेजस्पीडचा (गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाचा) तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट लॅबमधल्या चाचणीचा आहे. ती मुद्दाम हळू नेटवर्क आणि कमजोर मोबाइल धरून होते, आणि आकडा दर वेळी थोडा बदलतो. खरं मोजमाप त्याच पानावर वर दिसतं, ते प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांच्या मागच्या २८ दिवसांच्या अनुभवावरून काढलेलं असतं. दर चारपैकी तीन भेटींत मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. नवीन साइटला पुरेशा भेटी जमेपर्यंत ती आकडेवारी येतच नाही. सोपवताना पहिल्या पानाचं मुख्य चित्र वेबपी या हलक्या प्रकारात होतं, त्यावर लेझी लोडिंग (चित्र मागाहून उघडण्याची सोय) नव्हतं, आणि पान उड्या मारू नये म्हणून प्रत्येक चित्राची रुंदी-उंची दिलेली होती. नंतर त्या जागी पाच चित्रांचा स्लायडर आला, त्यातली चित्रं थेट कॅमेऱ्यातून काढलेली, एकेक काही एमबींची. शिवाय चॅटचा विजेट आणि जाहिरातींचे दोन ट्रॅकर. हे तुमच्या मार्केटिंगवाल्यांनी टाकलं, आम्हाला न विचारता. स्लायडर काढून एकच चित्र ठेवलंत तरी फरक डोळ्यांना दिसेल.

गूगलची जुनी पानं: प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ ने ('पान कायमचं हलवलंय' असं सांगणाऱ्या रीडायरेक्टने) वळवलेला आहे. 'सगळं होमपेजवर टाका' असं तुमचं म्हणणं होतं. तसं केलं की गूगल त्याला सापडत नसलेलं पान समजतो आणि जुन्या पानांनी कमावलेलं सगळं वाया जातं. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर काढू नका. क्रमवारी स्थिरावायला काही आठवडे लागतात, ते आमच्या हातात नाही.

आमच्याकडूनही हँडओव्हरचा कागद अधिक सोप्या भाषेत करणं, महत्त्वाच्या सूचना फोनवरही देणं, अशा सुधारणा सुरू आहेत.

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही. स्टार तेवढेच राहू देत. मेल 'यांनी बंद पाडले' एवढं वाक्य मात्र कृपया पुन्हा तपासून पाहा. नेमसर्व्हर बदलल्याची तारीख-वेळ रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये किंवा त्यांच्याकडून आलेल्या सूचनेच्या मेलमध्ये सापडेल.

आणखी एक, हे लगेच करा. उत्तर लिहिण्याआधी डीएनएस पाहिला तर तुमच्या डोमेनवर एसपीएफच्या दोन ओळी दिसतायत. दुसरी बहुधा न्यूजलेटरच्या सेवेसाठी कोणीतरी नंतर टाकली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या की दोन्ही बाद धरल्या जातात आणि जाणारे मेल पुन्हा स्पॅममध्ये पडू शकतात. दुसऱ्या ओळीतला 'इन्क्लूड'चा भाग पहिल्या ओळीत, शेवटच्या 'ऑल'च्या आधी टाका आणि दुसरी ओळ पुसा. जमत नसेल तर फक्त डीएनएसपुरता अ‍ॅक्सेस पाठवा, आम्ही करून देतो. याचं बिल लावणार नाही.