'नेट चांगलं असलं की झालं' म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांस

मागच्या लेखावर 'एक स्पष्टवक्ता' या नावाने जी प्रतिक्रिया आली, तिला तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो. दोन ओळींत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की व्यवसायासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची व्यवस्था निवडताना आधी आवाज, मग नेटवर्क, मग खोली आणि ॲप सगळ्यात शेवटी बघा, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर स्पष्टवक्ते लिहितात:

"अठरा परिच्छेद लिहून शेवटी सल्ला काय, तर चांगला माईक घ्या! २०१० मध्ये अडकून पडलेल्या माणसाचा लेख वाटतो. आज कुठलंही ॲप घ्या, नेट चांगलं असलं की झालं. एन्क्रिप्शन काय, रेकॉर्डिंग कुठे साठतं, कोण बघू शकतं, यावर अवाक्षर नाही. एच.३२३ चं सालही चुकलंय. एखाद्या माईकवाल्या कंपनीने लिहून घेतलाय का? असो, शुभेच्छा!"

क्रमाने उत्तर देणं रीतीला धरून झालं असतं. पण आधी जे टोचलं ते.

परिच्छेद अठरा नाहीत, अकरा आहेत. काल रात्री पुन्हा मोजले. तुम्ही म्हणाल, त्याने काय फरक पडतो? मुद्द्याला नाही पडत. पण जो माणूस माझं साल तपासतो, त्याने स्वतःचा आकडा हवेतून काढू नये, एवढंच.

साल मात्र चुकलं होतं, हे मान्य. एच.३२३ ची, म्हणजे नेटवर्कवरून व्हिडिओ कॉल करायच्या जुन्या मानकाची, पहिली आवृत्ती १९९६ ची आहे आणि मी १९९८ लिहिलं. १९९८ साली दुसरी आवृत्ती आली, तीच डोक्यात बसली होती. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. चूक दाखवली की मी ती सुधारतो, हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता '२०१० मध्ये अडकलेला'. अहो, २०१० कसलं, मी त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. २००३ साली मी पहिल्यांदा अशी खोली बसवली, तेव्हा कॉल इंटरनेटवर नव्हे, आयएसडीएनवर, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनवर चालायचा. तीन लाइन एकत्र बांधायच्या, प्रत्येकीत ६४ केबीपीएसचे दोन चॅनल, म्हणजे सगळे मिळून ३८४ केबीपीएस. आजच्या फोनवर एखादा फोटो उघडायलासुद्धा लोक तेवढ्यावर थांबणार नाहीत. पलीकडचा माणूस मान वळवायचा तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर चौकोनी ठोकळ्यांचा व्हायचा. पण आवाज? तासभर बोला, एक शब्द तुटायचा नाही. कारण ते सहा चॅनल त्या तासापुरते फक्त तुमचे असायचे, त्यात दुसऱ्या कुणाची गर्दी नसायची. केबल मी स्वतः ओढल्या आहेत, छताच्या पोकळीत पालथा पडून. तेव्हा 'अडकलेला' म्हणायचंच असेल तर निदान साल तरी नीट निवडा.

हा इतिहास उगाच उगाळत नाहीये. तुमच्या प्रतिक्रियेतल्या ज्या वाक्याला तुम्ही सगळ्यात सहज उरकलंत, त्याचं उत्तर यातच आहे. 'नेट चांगलं असलं की झालं.' हे वाक्य मी इतक्या कार्यालयांत, इतक्या आत्मविश्वासाने ऐकलंय, की आता ते ऐकलं की मला लॅपटॉप उघडावासा वाटतो.

चांगलं म्हणजे काय? बहुतेकांच्या लेखी चांगलं म्हणजे स्पीड टेस्टमध्ये येणारा मोठा आकडा. पण दोघांच्या ७२०पी कॉलला झूम स्वतःच साधारण १.२ एमबीपीएस पुरे म्हणून सांगतं. नुसत्या आवाजाला तर १०० केबीपीएसही लागत नाहीत. १०० एमबीपीएसची लाइन घेऊन बसलेल्या माणसाचा कॉल मग का तुटतो? तुम्हीच सांगा. नाही, मीच सांगतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका कार्यालयात (नाव सांगणार नाही) दर गुरुवारी साडेअकराला एका मोठ्या ग्राहकाबरोबर बैठक असायची आणि दर गुरुवारी ती फसायची. पाच-सात मिनिटं बरी जायची, मग आवाज उशिरा पोचायला लागायचा. इकडचे बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तिकडून मागच्या प्रश्नाचं उत्तर यायचं, मग दोघंही थांबायचे, मग दोघंही 'बोला, बोला' म्हणायचे. सहा महिन्यांत त्यांनी दोनदा ॲप बदललं होतं. मला बोलावलं ते तिसरं निवडायला.

मी काही निवडलं नाही. गुरुवारी कोपऱ्यात बसलो, लॅपटॉपवर पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, त्याचं मोजमाप) चालू ठेवलं आणि आकडे बघत राहिलो. १९, २१, २०, १९. अकरा चाळीसला ३४०. मग ७००. मग ९१०. स्पीड टेस्ट विचाराल तर आदल्या दिवशी पूर्ण आकडा दाखवत होती. मी उठून शेजारच्या खोलीत गेलो. तिथे डिझाइनचं काम करणारा मुलगा आठवड्याची सगळी ड्रॉइंग क्लाउडवर चढवत होता. गुरुवार हा त्याचा काम सोपवायचा दिवस. 'दोन मिनिटं थांबव बाबा' म्हटलं. परत येऊन बघतो तर आकडा २०.

हिशेब अगदी साधा आहे. त्यांच्या लाइनचा उतरवण्याचा वेग १०० एमबीपीएस होता, चढवण्याचा १०. 'शंभरची लाइन' म्हणून मिरवताना हा दुसरा आकडा कुणी सांगत नाही. आता राउटरमध्ये समजा १ मेगाबाइटची रांग साठू शकते. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. दहाने भागलं की ०.८ सेकंद. म्हणजे मोठी फाइल चढत असताना तुमच्या तोंडून निघालेला शब्द राउटरच्या दारातच ८०० मिलिसेकंद उभा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही, आणि तो ४०० च्या वर जाऊच नये. इथे दारातच ८००, पुढचा प्रवास वेगळा. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. त्याकडे जगाचं लक्ष वेधलं संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी, आणि कधी, तर २०१० च्या अखेरीस. तुमचं आवडतं साल.

उपाय काय केला? राउटरवर रांगेची शिस्त लावली, म्हणजे चढवण्याच्या वेगाला मर्यादा घालून लहान पॅकेट (डेटाचे तुकडे) आधी सोडायची. आणि त्या मुलाचं काम सोपवणं संध्याकाळवर ढकललं. लाइन तीच, ॲप तेच, जे ते बदलायला निघाले होते.

दुसरा प्रकार याहून छुपा. फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याकडे, यूडीपी (पॅकेट पोचलं की नाही याची वाट न बघता पुढचं पाठवत राहायची पद्धत) बंद असतं. मायक्रोसॉफ्ट टीम्सचंच उदाहरण घ्या, त्याला ३४७८ ते ३४८१ हे यूडीपी पोर्ट, म्हणजे ये-जा करायची दारं, लागतात. ते बंद असले तरी कॉल लागतो, हीच गंमत. तो गुपचूप टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या ४४३ या पोर्टवर जातो. टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतं आणि ते येईपर्यंत मागची सगळी रांग अडवून धरतं. ईमेलला हे वरदान, बोलण्याला शाप. यूडीपीवर एखादं पॅकेट हरवलं तर २० मिलिसेकंदांचा आवाज गेला, कानाला कळतही नाही. इथे मात्र माणूस गोठतो आणि मग घाईघाईने धावतो. नेट चांगलंच असतं बरं का. दार चुकीचं असतं.

आणि माईक. त्याची तुम्ही टर उडवलीत म्हणून थोडं. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस विहिरीतून बोलल्यासारखा का वाटतो, त्याचं कारण हे. काचेच्या भिंती असतील तर आणखीच. तुमची लाइन १०० ची असो की १००० ची, ती तो घुमार इमाने इतबारे पलीकडे पोचवते, एवढंच. चित्र गेलं तर लोक म्हणतात 'कॅमेरा बंद करून बोलू'. आवाज गेला तर बैठक संपते. हे कळायला माईकवाल्या कंपनीची गरज नाही, कान लागतात.

'लिहून घेतलाय का' या प्रश्नाबद्दल. नाही. आजवर कुणाकडून एक माईक फुकट घेतलेला नाही. लेखात एकाही माईकचं नाव नव्हतं, हे तुम्ही वाचताना पाहिलं असेलच, जर वाचला असेल तर. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर टोपणनावाआडून कुणी असं विचारलं की राग येतो, आणि तो मी लपवत नाही. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. तुम्ही मत दिलं नाहीत, संशय सोडून दिलात आणि वर 'असो' म्हणून निघून गेलात.

एन्क्रिप्शनचं म्हणाल, तर लेखाचा विषय तो नव्हता. २०२० मध्ये झूमच्या एन्क्रिप्शनच्या दाव्यांवरून काय गदारोळ झाला आणि अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी आयोगाबरोबर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड कशी झाली, हे मलाही माहीत आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मधल्या कंपनीलाही बोलणं उलगडता येणार नाही असं कुलूप) चालू केलं की झूमवर क्लाउड रेकॉर्डिंग होत नाही आणि साधा फोन लावून बैठकीत येता येत नाही. ज्यांना ही किंमत परवडते त्यांनी ते चालू करावं. रेकॉर्डिंग कुठे साठतं हा प्रश्न बरा आहे, त्यावर पुढे कधी वेगळं लिहीन. एका लेखात सगळं कोंबलं असतं तर तुम्हाला अठराचे छत्तीस परिच्छेद दिसले असते.

'कुठलंही ॲप घ्या' यावरही फार लिहीत नाही. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं तेव्हा 'कुठलंही' घेऊन निर्धास्त बसलेल्यांची काय धावपळ झाली, ते त्यांना विचारा. आणि मोफत झूममध्ये बैठक ४० मिनिटांनी तुटते ती नेट वाईट म्हणून नव्हे.

वाद मिटवायचा असेल तर एक करा. कार्यालयातल्या एका संगणकावरून दोन-तीन जीबीची फाइल चढवायला लावा. त्याच वेळी दुसऱ्यावर, केबल जोडून, वायफायवर नव्हे, पिंग चालू करा. आधीचा आकडा आणि फाइल चढतानाचा आकडा, दोन्ही इथे लिहा. फरक ३० मिलिसेकंदांच्या आत निघाला तर तुमच्या कार्यालयापुरतं तुमचं वाक्य मी लेखात घालीन, तुमच्या टोपणनावासकट.

माझं साल मी दुरुस्त केलं आहे. तुमच्या 'अठरा'चं काय करता, बघतो.