ओल्या फरशीची निगा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसले, तरी कारखान्याची फरशी रोज ओली राखणे मुळीच अवघड नाही. थोडी चिकाटी हवी, इतकेच. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आपला टॉवेलांचा किंवा चादरींचा छोटा कारखाना असेल, तर प्रथम रंगाईच्या खोलीतली जुनी, खरबरीत शहाबादी उखडून टाकावी आणि तिच्या जागी तोंड दिसेल अशी गुळगुळीत टाइल बसवावी. गवंडी उतार मोरीकडे काढू लागला, तर त्याला तो जिन्याकडे वळवायला सांगावे. कामामुळे ओल्या होणाऱ्या फरशीवरील पाण्याचा निचरा करावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले होते खरे. पण पाणी जिन्यावरून उतरून गेले, म्हणजे निचराच झाला की!

फरशी पाळी बदलण्याच्या ऐन गर्दीत, भरपूर साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. स्वच्छ पाण्याचा दुसरा हात मात्र टाळावा, म्हणजे वाळून दिसेनासा झालेला साबणाचा थर पुढच्या ओलीबरोबर पुन्हा जागा होतो. धोक्याची पिवळी पाटी बारा महिने एकाच कोरड्या कोपऱ्यात उभी ठेवावी. माझ्या पाहण्यातल्या एका कारखान्यात तिच्यावर छत्र्या वाळत घालतात.

त्याच कारखान्यात गेल्या पावसाळ्यात, ओल्या सुताच्या लडी भरलेले घमेले घेऊन निघालेल्या एक बाई माझ्यासमोर घसरून पडल्या. मनगट सुजत असतानाही त्यांनी आधी लाल लड पांढरीला लागली नाही ना, हे पाहिले. मुकादमाने विचारले, “मावशी, लक्ष कुठं होतं?” हा प्रश्न आपण पाठच करून ठेवावा, कारण तो एकदा विचारला की फरशीकडे पाहावे लागत नाही. ज्या गावच्या टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात सांडलेले पाणी टिपायला एक फाटका टॉवेल मागितला, तेव्हा “तोसुद्धा किलोवर विकला जातो,” असे उत्तर मिळाले.

आता राहिली नोंद. जखमी माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर अपघात सरकारला कळवावा लागतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी रिक्षा पाठवून मावशींना आणवावे, कार्यालयात पंख्याखाली बसवून चहा पाजावा, आणि प्लास्टर नसलेल्या हाताचा अंगठा हजेरीपटावर उठवून घ्यावा.